सातशे पाच माणसांचा जिल्हा

साताऱ्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. लोकसंख्येचा धडा आला की फळ्यावर एक वाक्य ठरलेलं असायचं : उंच डोंगराळ प्रदेशात लोकवस्ती विरळ असते. मुलं ते पाठ करायची, पेपरात लिहायची, गुण मिळवायची. विरळ म्हणजे किती, हे एकाही मुलाने विचारलं नाही आणि मीही आपणहून कधी सांगितलं नाही.

मुलाकडे डेन्व्हरला आले तेव्हा त्याच्या टेबलावर कोलोरॅडोचा मोठा नकाशा पसरलेला होता. नैर्ऋत्य कोपऱ्यात तपकिरी रंग सगळ्यात दाट होता आणि त्यात गावाचं नाव एकच. हा भाग म्हणजे सॅन वान काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा : स्वतःची कचेरी, स्वतःचं कोर्ट, स्वतःचा शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख. आकडे शोधले आणि मी खुर्ची ओढून बसलेच. क्षेत्रफळ सुमारे १,००५ चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ७०५. म्हणजे एका चौरस किलोमीटरला एक अख्खा माणूसही नाही, ०.७. आपल्या महाराष्ट्रात २०११ ला हाच आकडा ३६५ होता. उंची पाहिली तर या काउंटीची सरासरीच ११,२४० फूट, म्हणजे ३,४२६ मीटर. अमेरिकेतल्या सगळ्या काउंट्यांमध्ये सर्वांत जास्त. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या दुपटीहून अधिक, आणि ही सरासरी!

"आई, जाऊ या आपण," मुलगा म्हणाला. "सप्टेंबरच्या शेवटी ॲस्पेनची झाडं पिवळी होतात, आणि घाटही अजून उघडे असतात."

दिवस पहिला : डेन्व्हर ते ड्युरँगो

दिवसभर गाडीतच. डोंगर, मग सॅन लुइसचं ताटासारखं सपाट खोरं, मग वुल्फ क्रीकचा घाट. संध्याकाळी ड्युरँगो. हे ला प्लाटा काउंटीतलं गाव, साधारण १,९८८ मीटरवर. मुद्दाम इथे मुक्काम केला. माझं वय सदुसष्ट, शरीराला उंचीची सवय एकदम नको. अकरा वर्षांच्या नातीने रात्री वहीत पहिल्या पानावर लिहिलं : ७०५. आणि मला म्हणाली, "आजी, मी तिथे राहणारी माणसं मोजणार. फिरायला आलेले नाही, तिथेच राहणारे."

दिवस दुसरा : नदीच्या काठाने वर

मुलगा आणि सून गाडी घेऊन घाटरस्त्याने गेले. मी आणि नात रेल्वेने.

ड्युरँगो ते सिल्व्हरटन ही ४५ मैलांची छोट्या गेजची रेल्वे १८८२ च्या जुलैमध्ये सिल्व्हरटनला पोचली. रुळांमधलं अंतर तीन फूट. आपल्या नेरळ-माथेरानला ते दोनच फूट आहे, पण कारण दोन्हीकडे एकच : डोंगराच्या अंगाखांद्यावरून नेताना वळण जितकं आवळता येईल तितकं बरं, आणि कडा जितका कमी फोडावा लागेल तितका खर्च कमी. वाफेचं इंजिन शिट्टी घालून निघालं तेव्हा नातीने कान झाकले आणि मी लहानपणीच्या सातारा रोड स्टेशनावर जाऊन पोचले.

पहिला तासभर कुरणं, घोडे, लाकडी कुंपणं. मग दरी जवळ येत गेली आणि एका ठिकाणी रूळ चक्क कड्याच्या पोटात कोरलेल्या पायरीवर चढले. खिडकीतून खाली पाहिलं तर रूळ दिसेनात, थेट शंभर-सव्वाशे मीटर खोल हिरवं पाणी. ही ॲनिमस नदी. स्पॅनिश लोकांनी तिला आत्म्यांची नदी म्हटलं. पुढचा सगळा रस्ता ती आणि आम्ही बरोबर होतो. या घळीत मोटाररस्ता नाही. खांब नाहीत, शेत नाही, घर क्वचित. फोनला रेंज नव्हती, म्हणून मी कागदी नकाशा मांडीवर घेतला होता. त्यावरची तुटक रेघ कुठे ओलांडली ते बाहेर काहीच सांगत नव्हतं, पण एका वळणानंतर मी नातीला म्हटलं, "अगं, आता आपण सॅन वानमध्ये आलो." तिने बाहेर पाहिलं. फरची झाडं, दगड, पाणी. "आजी, इथे तर कुणीच नाही."

तिची वही मिटलेलीच राहिली. साडेतीन तासांनी घळ संपली आणि डोंगर दोन्ही बाजूंना सरकून मध्ये एक सपाट जागा उघडली. भूगोल शिकवणाऱ्या बाईला याचा अर्थ लगेच कळतो. अख्ख्या काउंटीत गाव वसवायला पुरेल एवढी सपाटी बहुधा इथेच आहे. १८६० मध्ये चार्ल्स बेकर नावाचा माणूस सोन्याच्या शोधात टोळी घेऊन इथे आला, म्हणून या सपाटीला बेकर्स पार्क म्हणत. तिथेच सिल्व्हरटन. उंची २,८४० मीटर. काउंटीतली एकमेव नगरपालिका. ७०५ पैकी ६२२ माणसं या गावात. म्हणजे बाकी हजार चौरस किलोमीटर मुलखात उरली ८३.

स्टेशनावर मुलगा उभा होता. कोल बँक आणि मोलास असे दोन घाट चढून-उतरून तो आमच्या आधी पोचला होता. दोन्ही तीन हजार दोनशे मीटरच्या वर. ड्युरँगोहून येणारा गाडीरस्ता हा एवढाच.

रात्री भाड्याच्या घरात सुनेने डाळ-भात लावला. तिने डेन्व्हरहून प्रेशर कुकर आणला होता आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं. या उंचीवर हवेचा दाब कमी, पाणी साधारण नव्वद अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ दोन तास ठेवली तरी दाताखाली येते. हा प्रयोग वर्गात मी कितीदा तोंडी सांगितला असेल. इथे नातीला एका पातेल्यात थोडी डाळ वेगळी लावून दाखवली. रात्री साडेनऊला ती डाळ कच्चीच होती.

दिवस तिसरा : गाव

डोकं जड होतं. मुलाने जबरदस्तीने भांडंभर पाणी प्यायला लावलं आणि आज फक्त गावातच फिरायचं ठरलं. बरंच झालं.

ग्रीन स्ट्रीट हा मुख्य रस्ता डांबरी, बाकीचे मातीचे. दोन्ही बाजूंना रंगीत लाकडी आणि विटांच्या इमारती, आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना डोंगर. रेल्वे आली की दुपारी दोन तास हा रस्ता आपल्या जत्रेसारखा भरतो. गाडी परत गेली की इतका रिकामा होतो की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. नात दुकानादुकानांत जाऊन विचारत होती, तुम्ही इथेच राहता का? बरेच जण हसून सांगत, उन्हाळ्यापुरते. ऑक्टोबर संपला की निघालो. त्यांना ती मोजत नव्हती. पाव विकणाऱ्या बाई, टपाल कचेरीतले गृहस्थ, ग्रंथालयातली मुलगी अशा रेघा वाढत होत्या.

काउंटीचं कोर्ट १९०७ चं, डोक्यावर सोनेरी घुमट. नगरपालिकेची इमारत १९०९ ची. ती १९९२ मध्ये आगीत जळली आणि गावाने पुन्हा उभी केली. एवढाल्या इमारती एवढ्याशा गावाला कशाला, हा प्रश्न पडतोच. त्याचं उत्तर माझ्या डायरीत होतं. निघण्यापूर्वी मी दर दहा वर्षांचे आकडे उतरवून घेतले होते. १८८० मध्ये १,०८७. १९०० मध्ये २,३४२. १९१० मध्ये ३,०६३. त्या आकड्याच्या तोऱ्यात हे घुमट उभे राहिले, आणि तोच इथला सर्वांत मोठा आकडा ठरला.

कोर्टाशेजारच्या जुन्या तुरुंगात, १९०२ च्या इमारतीत, आता संग्रहालय आहे. तिथले एक वयस्कर स्वयंसेवक माझ्या डायरीत डोकावले आणि आम्ही दोघं तासभर त्या आकड्यांवरच बोललो. १९२० चा आकडा १,७००. दहा वर्षांत जवळपास निम्मा. खाणी मंदावल्या हे खरं, पण त्यांनी दुसरं कारण सांगितलं आणि त्यांचा आवाज उतरला. १९१८ चा इन्फ्लुएन्झा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या काही आठवड्यांत गावातला साधारण दहावा माणूस गेला. इतक्या विरळ वस्तीत रोग एवढा कसा पसरला? काउंटी विरळ, पण खाणकामगार राहत होते एकेका वसतिगृहात खाटेला खाट लावून. घनतेचा सरासरी आकडा किती फसवतो, हे मला तिथे उभं राहून कळलं. रोगाला चौरस किलोमीटरशी देणंघेणं नसतं, एका खोलीत किती जण झोपतात ते त्याला पुरतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. कॉर्नवॉल, इटली, स्वीडन, ऑस्ट्रियाकडची टायरोल अशा कुठकुठून माणसं इथे पोटासाठी आली. चिनीही आले, धोब्याची आणि खाणावळीची कामं करू लागले. १९०२ मध्ये गावाने चिन्यांना हाकलून लावलं. आणि या सर्वांच्या आधी हे डोंगर यूट लोकांचे होते. उन्हाळ्यात ते शिकारीला वर येत, हिवाळ्यात खाली जात. १८७३ च्या ब्रुनो करारात सॅन वानचे डोंगर त्यांच्याकडून काढून घेतले गेले. सॅन वान काउंटी १८७६ च्या जानेवारीत झाली, कोलोरॅडो राज्य होण्याच्याही सहा महिने आधी. जनगणनेचा माझा पहिला आकडा १८८० चा. त्याआधीच्या माणसांसाठी माझ्या डायरीत रकानाच नव्हता. घरी आल्यावर मी तो वरती आखला आणि रिकामा ठेवला.

दुपारी गावाबाहेरच्या टेकडीवरच्या दफनभूमीत गेलो. उतारावर पिवळी ॲस्पेन आणि त्यांच्यात दगड. अनेक दगडांवर १९१८. वयं वीस, चोवीस, एकतीस. नात पुढे पळत होती ती हळू चालायला लागली. तिने वही उघडली नाही.

संध्याकाळी समोरच्या ॲन्व्हिल डोंगरावरची ख्रिस्ताची पांढरी मूर्ती पाहिली. इटलीतल्या करारा संगमरवराची, १९५९ ची. खाणी बंद पडत होत्या तेव्हा गावाने बसवली. १९५० ला लोकसंख्या १,४७१ होती, १९६० ला ८४९. ज्या वर्षांत माणसं बिऱ्हाडं बांधून चालली होती त्याच वर्षांत मागे राहिलेल्यांनी हा दगड डोंगरावर चढवला. मला ती मूर्ती नंतर वेगळीच दिसू लागली.

दिवस चौथा : वरची वस्ती

आज जीप भाड्याने घेतली, चालवायला तिथल्याच एक बाई. त्या बारमाही सिल्व्हरटनच्या. नातीची आठवी रेघ. उन्हाळ्यात जीप चालवतात, हिवाळ्यात दुकानात काम करतात, डोंगरात कुणी अडकलं तर शोधपथकात जातात. "सातशे माणसांत शाळा, रुग्णवाहिका, आग विझवणं, बर्फ काढणं सगळंच करावं लागतं," त्या म्हणाल्या. "तीच माणसं वेगवेगळ्या बैठकांना भेटतात." रुग्णालय ड्युरँगोला, दोन घाट ओलांडून ऐंशी किलोमीटरवर.

गावाबाहेर पडताच मेफ्लॉवर गिरणी. १९३० च्या सुमारास सुरू झाली, १९९१ ला बंद झाली, आता राष्ट्रीय वारसा आहे. आत फिरता येतं. डोंगरावरच्या खाणीतून दगड लोखंडी बादल्यांतून हवेतल्या तारेवरून खाली यायचा. तो पिठासारखा दळायचा, पाण्यात तेल आणि रसायनं घालून फेस काढायचा. धातूचे कण फेसाला चिकटून वर येतात, बाकीचा दगड खाली बसतो. तो खाली बसलेला दगड गेला कुठे? गिरणीच्या समोर सपाट माथ्याचे करडे ढीग आहेत, टेकड्यांसारखे. मला आधी ते डोंगरच वाटले होते.

पुढे हॉवर्ड्सव्हिल, मग यूरेका. यूरेकाला उतारावर सिमेंटच्या भल्यामोठ्या पायऱ्या आहेत, त्या एका जुन्या गिरणीच्या जोत्याच्या. गाव त्यांच्यासमोरच्या माळावर होतं. आता तिथे नदी चार धारांनी वाहते आणि मध्ये वाळू.

मग रस्ता अरुंद झाला, झाडं ठेंगणी झाली आणि संपली. ॲनिमस फोर्क्स, साधारण ११,२०० फूट. गंमत अशी की ही उंची म्हणजे जवळजवळ काउंटीच्या सरासरीएवढीच. आम्ही "सरासरी" जागी उभे होतो, आणि तिथे झाड उगवत नव्हतं. उतारावर लाकडी घरं, छपरं उडालेली, काही सरकारने डागडुजी करून उभी ठेवलेली. एका घराला दरीकडे पुढे आलेली मोठी खिडकी आहे. १८७९ मध्ये, रेल्वेच्याही आधी, इतक्या उंचीवर कुणीतरी काचा आणून ती खिडकी बसवली. मी त्या घरात जाऊन खिडकीशी उभी राहिले. बाईमाणसाने सकाळी इथे उभं राहून काय पाहिलं असेल ते पाहायचं होतं. समोर डोंगर, त्याच्या पोटातली खाण, आणि नवरा तिकडे कामाला गेलेला असणार.

१८८३ च्या उन्हाळ्यात इथे साडेचारशे माणसं होती. आज अख्ख्या काउंटीत आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त, या एका कुशीत. थंडी आली की बहुतेक जण खाली सिल्व्हरटनला उतरत. आमच्या माण-खटावकडचे धनगर पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, त्याची आठवण झाली. वर्षाचं वेळापत्रक दोन्हीकडे डोंगरानेच लिहिलेलं. १८८४ मध्ये वादळ आलं ते तेवीस दिवस चाललं. पंचवीस फूट बर्फ पडला आणि राहिलेल्यांनी एका घरातून दुसऱ्या घरात जायला बर्फातून बोगदे खणले. जनगणना करणारा उन्हाळ्यात आला तर एक आकडा मिळेल आणि जानेवारीत आला तर दुसरा. इथल्या माणसांना विचारलं तर खरा आकडा ते जानेवारीचाच सांगतात.

परतताना बाईंनी सिमेंट क्रीकच्या बाजूला गाडी घेतली. पाणी नारिंगी होतं. दगडही नारिंगी, जणू गेरू लावलेला. या डोंगरांत लोखंड आणि गंधकाचं खनिज भरपूर. त्याला हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि पाण्यातलं लोखंड तांबूस गाळ होऊन बसतं. हे थोडंफार निसर्गतःच होत होतं, म्हणून तर पलीकडच्या शिखरांची नावं रेड माउंटन. पण डोंगर पोखरून हजारो बोगदे केल्यावर हवेला आणि पाण्याला आत जायला मोकळी वाट मिळाली. ५ ऑगस्ट २०१५ रोजी वरच्या गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं काम चालू असताना आत तुंबलेलं पाणी फुटलं. तीस लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून जास्त. ॲनिमस पिवळीजर्द झाली, ड्युरँगोपर्यंत आणि त्याच्याही खाली न्यू मेक्सिको, यूटापर्यंत. खालच्या नव्हाहो आदिवासी शेतकऱ्यांना कालवे बंद करावे लागले. पुढच्या वर्षी इथल्या ४८ जागा केंद्र सरकारच्या मोठ्या सफाई यादीत आल्या. परवा आगगाडीतून मी ज्या हिरव्या पाण्याला दाद दिली होती ते हेच पाणी होतं. वरच्या सातशे माणसांच्या डोंगरात जे घडतं ते खालच्या लाखो माणसांच्या घड्यात येतं. पाणलोटाच्या धड्यात मी हे वाक्य इतक्या स्पष्टपणे कधी सांगितलं नव्हतं, याची खंत वाटली.

याच डोंगरात एक जुना अपघात आहे आणि तो बाईंनी हळू आवाजात सांगितला. वर एमा नावाचं तळं होतं, त्याच्या खाली सनीसाइड खाणीचा बोगदा सरकत सरकत आला. ४ जून १९७८ ला तळ्याचा तळ फुटला आणि सगळं तळं खाणीतून धडाडत खालच्या ग्लॅडस्टोन या जुन्या खाणवस्तीपाशी बाहेर पडलं. त्या दिवशी रविवार होता. आत एकही माणूस नव्हता. गावातले कित्येक जण याचं श्रेय ॲन्व्हिल डोंगरावरच्या मूर्तीला देतात. मीही तिथल्या तिथे हात जोडले. खाण पुन्हा चालू झाली, आणि १९९१ ला कायमची थांबली. १९९० चा आकडा ७४५, २००० चा ५५८. एक खाण बंद झाली की जिल्ह्यातला चौथा माणूस निघून जातो, असं हे गणित.

दिवस पाचवा : पाण्याची रेघ

सकाळी कनिंगहॅमच्या घळीतून स्टोनी घाटावर. रेल्वे येण्याआधी सगळं सामान खेचरांवर लादून याच वाटेने यायचं. पीठ, खिळे, आणि कदाचित ती खिडकीची काचही. उंची १२,५९० फूट. जीप चढत असताना मी डोळे मिटले नाहीत, पण नातीचा हात घट्ट धरला होता.

वर वारा इतका की बोलता येईना. पण मला जे पाहायचं होतं ते पायाखाली होतं. हे अमेरिका खंडाचं जलविभाजक. पश्चिमेला पडलेला थेंब ॲनिमसला, तिथून सॅन वान नदीला, मग कोलोरॅडोला, पॅसिफिकच्या वाटेवर. पूर्वेला पडलेला थेंब रिओ ग्रांडेला. ती नदी इथेच, शेजारच्या कॅन्बी डोंगराच्या कुशीत उगम पावते आणि तीन हजार किलोमीटर जाऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते. पुढे तीच दोन देशांची सीमा होते. इथे मात्र ती गवतातली ओल होती. नातीने दोन्ही पाय तिच्या दोन बाजूंना ठेवून फोटो काढला.

मी महाबळेश्वरला शेकडो मुलांना नेलं आहे. कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे, सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे, आणि उगम एकाच माथ्यावर. तिथे देऊळ आहे, गर्दी आहे, हातात चिंचा-बोरं घेऊन उभी असलेली मुलं आहेत. इथे वारा आणि आम्ही पाच जण. मी खाली वाकून त्या ओलीला हात लावला आणि कपाळाला लावला.

खडक हाताळून पाहिला. आमचा सह्याद्रीचा काळा बेसाल्ट भेगांतून शांतपणे थरावर थर पसरला, म्हणून आमच्या डोंगरांना पायऱ्या आणि सपाट माथे आहेत, आणि माथ्यावर किल्ले आणि गावं बसली. इथला ज्वालामुखी पावणेतीन कोटी वर्षांपूर्वी फुटून आत कोसळला. मैलोगणती रुंद कढई तयार झाली आणि तिच्या काठच्या भेगांमधून तापलेलं पाणी चांदी, सोनं, शिसं, जस्त घेऊन वर आलं. सिल्व्हरटन त्या कढईच्या काठावरच वसलं आहे. सपाट माथा नाही, म्हणून वर गाव नाही. भेगेत धातू होता, म्हणून तरीही माणूस वर आला. या दोन वाक्यांत या काउंटीची सगळी लोकसंख्या आहे असं मला त्या वाऱ्यात उभं राहून वाटलं.

दिवस सहावा : उत्तरेचा रस्ता

रात्री शिखरांवर बर्फ पडला. सकाळी खिडकी उघडली तर काल तपकिरी असलेले माथे पांढरे, खाली ॲस्पेन पिवळी आणि मध्ये काळी फर. चहा गार झाला तरी मी तिथून हलले नाही.

संग्रहालयातले गृहस्थ निरोप द्यायला रस्त्यावर थांबले होते. खाणी गेल्यावरही माणसं परत का आली, हे मी त्यांना विचारायचं विसरले होते. २०१० ला ६९९, २०२० ला ७०५. ते म्हणाले, काही स्कीसाठी आले, काही डोंगरात धावण्यासाठी. इथे दर जुलैला शंभर मैलांची हार्डरॉक शर्यत भरते. काही जण उन्हाळ्यासाठी आले आणि राहिले. "पण घर मिळत नाही आता," ते म्हणाले. "घरं आहेत, पण त्यांचे मालक दूर राहतात." पांढऱ्या शिखरांकडे बोट दाखवून हसले, "तुमची निघायची वेळ बरोबर आहे."

सिल्व्हरटनहून उत्तरेला यूरे या गावाकडे जाणारा रस्ता रेड माउंटनच्या घाटाने जातो. लोक त्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. ऑटो मेअर्स नावाच्या माणसाने १८८० च्या दशकात टोल घेऊन वापरायचे रस्ते काढले, त्यातल्याच एकावर तो आहे. पलीकडच्या बाजूला कठडे नाहीत, कारण बर्फ काढणाऱ्या यंत्राला बर्फ ढकलायला कडेला जागा हवी. बर्फाचे कडे कोसळण्याचे मार्ग रस्त्याला ठिकठिकाणी छेदतात. १९६३ मध्ये एक पाद्री आणि त्यांच्या दोन मुली त्याखाली गेल्या. नंतरच्या वर्षांत बर्फ काढणारे तीन चालकही गेले. मार्च २०१९ मध्ये इतके कडे कोसळले की हा घाट दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद होता. दक्षिणेचे दोन घाटही बंद झाले की सिल्व्हरटनला जायला वाट उरत नाही.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला लोखंडी फाटक होतं, उघडं, बाजूला वळवून ठेवलेलं. हिवाळ्यात ते रस्त्यावर ओढतात. थोडं पुढे बर्फ काढायची मोठी केशरी गाडी उभी होती आणि एक माणूस तिच्या पुढच्या पात्याखाली वाकून काहीतरी घट्ट करत होता. नातीने गाडी थांबवायला लावली. मुलगा नको म्हणत होता, पण ती उतरलीच. मी काच खाली केली.

"तुम्ही इथेच राहता?"

त्याने हात पुसले. "हिवाळ्यातसुद्धा," तो म्हणाला.

घाटमाथ्यावर, ११,०१८ फुटांवर, जिथे सॅन वान संपते आणि यूरे काउंटी सुरू होते, तिथे आम्ही पाच मिनिटं थांबलो. नातीने वही मांडीवर घेऊन रेघा मोजल्या. तेवीस होत्या. मग तिने पेन दाबून, बाकीच्यांपेक्षा थोडी जाड, चोविसावी ओढली.